क्रो फेअरला जायचंय? मग हे वाचून निघा

अमेरिकेतले आपले बरेच लोक उन्हाळ्यात यलोस्टोनची ट्रिप काढतात, पण तिथूनच पुढे मोंटानात क्रो या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीचा मोठा पावाव, म्हणजे नाच-गाण्यांचा मेळावा, भरतो तिकडे कोणी फिरकत नाही. हाच क्रो फेअर. १९०४ मध्ये सुरू झाला, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो आणि लिटल बिगहॉर्न नदीकाठी हजारभर टिपी, म्हणजे शंकूसारखे उंच तंबू, उभे राहतात.

१) आधी त्या वर्षीची तारीख बघा. मग बिलिंग्जचं विमान, तिथून रेंटल कार आणि आय-९० हायवेने तासाभरात क्रो एजन्सी, म्हणजे फेअर भरतो ते गाव. जवळचं गाव हार्डिन, पण तिथे हॉटेलं मोजकीच, त्यामुळे बुकिंग लवकर करा नाहीतर बिलिंग्जलाच राहा.

२) फोल्डिंग खुर्ची, टोपी, पाणी, सुटी कॅश आणि रात्रीसाठी जॅकेट घ्या, दुपारी भाजून निघतो आणि रात्री गारठा. दारू अजिबात नाही, गाडीत सुद्धा नको. मधल्या गोल मांडवाला आर्बर म्हणतात, त्याच्या कडेला ब्लँकेट टाकलेल्या खुर्च्या दिसतील त्या नाचणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या, रिकाम्या दिसल्या म्हणून आईबाबांना तिथे बसवू नका. आपली खुर्ची मागे लावायची.

३) आता सगळ्यात महत्त्वाचं: माइकवर जो एमसी (सूत्रसंचालक) बोलत असतो त्याच्याकडे कान ठेवा. बाकीचे नियम विसरलात तरी चालेल, तो सगळं सांगतो. हा काही टुरिस्टांसाठी लावलेला शो नाही, त्यांच्या घरचं कार्य आहे आणि आपण न बोलावता आलेले पाहुणे आहोत असं समजून वागायचं. ग्रँड एंट्रीला झेंडे आणि गरुडाच्या पिसांचा दंड घेऊन सगळे नाचत आत येतात, तेव्हा उभं राहायचं, टोपी काढायची. प्रार्थना आणि सन्मानाची गाणी चालू असताना फोन खिशात. एरवीही कोणाचा जवळून फोटो हवा असेल तर विचारा, लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना विचारा. पोशाखाला हात लावायचा नाही, आणि फॅन्सी ड्रेस तर चुकूनही म्हणू नका, एकेक पोशाख घरातल्या बायकांनी महिनोन्महिने मणी ओवून केलेला असतो. गरुडाचं पीस खाली पडलं तर उचलू नका, त्याचा विधी असतो, शिवाय आपण ते जवळ ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

४) नाच बघताना नुसता रंग बघू नका. जिंगल ड्रेसवर पत्र्याचे छोटे शंकू छनछनतात, तो नाच १९१८ च्या फ्लूच्या साथीच्या सुमारास ओजिब्वे या दुसऱ्या जमातीत आजार बरा व्हावा म्हणून सुरू झाला आणि पुढे सगळीकडे पसरला. क्रो बायकांच्या झग्यावर एल्कचे (मोठ्या हरणाचे) दात शिवलेले असतात, एका एल्कच्या तोंडात असे दोनच दात मिळतात, त्यामुळे झगाभर दात म्हणजे घरातल्या शिकाऱ्यांची ऐपत दिसायची (आता बरेचसे नकली असतात). एमसीने 'इंटरट्रायबल' म्हणून सगळ्यांना बोलावलं तर बिनधास्त आत जा, ढोलाच्या ठेक्यावर पावलं टाकत गोल फिरायचं, बाकी काही येत नसलं तरी कोणी हसत नाही.

५) खायला फ्राय ब्रेड, म्हणजे मैद्याची तळलेली जाड पोळी. सरकारी रेशनच्या मैद्यातून आलेला पदार्थ आहे, गरम असताना झकास लागतो. शाकाहारी असाल तर कशात तळलाय ते विचारा, कधीकधी चरबी असते, आणि इंडियन टाकोवर (हा आपला नाही, फ्राय ब्रेडवरच टाकोसारखं सगळं घालून देतात तो) बहुतेक वेळा बीफचा खिमा येतो.

लिटल बिगहॉर्नची १८७६ ची रणभूमी अगदी शेजारीच आहे, अमेरिकन सैन्याचा अधिकारी कस्टर लाकोटा आणि इतर जमातींशी लढताना तिथेच मारला गेला, आणि क्रो स्काउट (वाट दाखवणारे टेहळे) त्याच्याच बाजूने होते कारण लाकोटा लोकांशी त्यांचं जुनं वैर. ते बघाच, पण सकाळची घोड्यांची परेड सोडून नाही, घोड्यांच्या अंगावरसुद्धा मण्यांचं काम असतं. रणभूमी दुपारी करा, परत येईपर्यंत संध्याकाळची ग्रँड एंट्री मिळते.