घरून कोडिंग करताना डोकं एका जागी कसं ठेवायचं

मी सांगलीत विश्रामबागेत घरून काम करतो, क्लायंट न्यू जर्सीचा. सुरुवातीला बारा-बारा तास बसायचो तरी काम सरायचं नाही, मग लक्षात आलं की तास भरपूर आहेत पण त्यातला सलग एक तास काही मिळत नाही.

तर आधी आठवडाभर फक्त मोजा. लॅपटॉपशेजारी वही ठेवा, काम तुटलं की वेळ आणि कारण लिहा, बास. माझ्या वहीतली एक सकाळ: ९:४० स्लॅक (ऑफिसचं चॅट), ९:५५ सिलेंडरवाला, १०:०५ स्लॅक, १०:१० मीच मोबाईल उचलला, १०:३० आई, १०:४० परत मीच. आठवड्याच्या शेवटी सगळ्यात जास्त नोंदी 'मीच'च्या निघाल्या, आणि मी इतके दिवस आईवर चिडत होतो!

मग सलग वेळ कुठे आहे ते बघा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे सकाळचे ७:३० तेव्हा तिकडे रात्रीचे १०, कोणी काही विचारत नाही. ७:३० ते १० हा वेळ कॅलेंडरवर रोजचा ब्लॉक करून टाका नाहीतर कोणीतरी तिथं मीटिंग टाकतंच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, संध्याकाळची ७:३० ची मीटिंग ८:३० ला जाते आणि ऐन जेवणात येते, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. तेवढं घरी आधीच सांगून ठेवा.

सकाळच्या वेळात फक्त डोकं लागणारं काम, म्हणजे डिझाइन किंवा न सापडणारा बग (कोडमधली चूक). तिकिटं (टीमने नोंदवलेली कामं), मेल वगैरे जेवणानंतर झापड येते तेव्हा. कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणं, मात्र झापडीत नको, चारच्या चहानंतर करा.

स्लॅकच्या नोटिफिकेशन पॉज करा आणि स्टेटस लिहा, 'दहाला बघतो, प्रॉडक्शन पडलं असेल तर फोन करा'. प्रॉडक्शन म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टीम. मला वाटलं लोक चिडतील. चार महिन्यांत दोन फोन आले, त्यातला एक सुट्टी विचारायला.

आता खरी गोष्ट. एवढं करूनही काम तुटणारच, लाईट जाईल, पाहुणे येतील. बग शोधताना कुठलं फंक्शन कुणाला कॉल करतंय, कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आलंय हे सगळं डोक्यात रचलेलं असतं आणि उठलं की कोसळतं, परत रचायला अर्धा तास जातो. म्हणून उठायच्या आधी, अगदी दारावरची बेल वाजत असली तरी, जिथं आहात तिथंच कोडमध्ये एक ओळ टाका: 'रिफंड दोनदा जातोय, रिट्रायचा काउंटर बघ'. आणि कमेंटची खूण (जी लावली की मशीन ती ओळ सोडून देतं) मुद्दाम लावू नका. परत येऊन बिल्ड केलं, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवायला घेतला, की एरर बरोबर त्याच ओळीवर येतो, शोधावं लागत नाही. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

मध्येच दुसऱ्या ब्रँचवर (त्याच कोडच्या वेगळ्या फांदीवर) जायचं असेल तर गिट स्टॅशच्या नादाला लागू नका (गिट कोडचे बदल सांभाळतं, स्टॅश म्हणजे अर्धं काम बाजूला ठेवणं), माझ्याकडे अकरा स्टॅश साठले होते आणि कुठला कशाचा ते देवाला माहीत. आपल्याच ब्रँचवर 'अर्धवट' नावाचा कमिट करा, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा, नंतर रिसेट करून उकलता येतो.

पंचवीस मिनिटांचा पोमोडोरो, म्हणजे घंटी लावून काम आणि मग छोटी विश्रांती, मला मेलसाठी बरा वाटला. डीबगिंगला बग नुकता हाताशी लागतो आणि घंटी वाजते.

राहिलं घर. घरी आहे म्हणजे रिकामा आहे हा समज बोलून जात नाही, दिसणारी खूण लागते. मी आईला सांगितलं, दाराच्या कडीला लाल टॉवेल असेल तर हाक मारायची नाही.

"आणि दूध उतू गेलं तर?"

"तर गॅस बंद कर की!"

पहिल्याच आठवड्यात टॉवेल दोनदा धुवायला गेला.