परसातलं बदकांचं तळं
आमच्या लातूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, नुसत्या खड्ड्यात पाणी थांबत नाही. चार बदकांना सहा बाय चार फूट, दीड फूट खोल खड्डा पुष्कळ. हजारेक लिटर पाणी मावतं. तळाशी मुरूम चोपा, जुनी पोती अंथरा, वर शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. एका बाजूला उतार अन् खडबडीत फरशी हवीच. चढता आलं नाही तर पिल्लं बुडतात, हो, बदकाचीसुद्धा!

पाणी मात्र लगेच घाण होतं. म्हणून तळं वाफ्यांपेक्षा उंचावर घ्या. नळी पाण्यानं भरून एक टोक तळ्यात, दुसरं वांग्यांत सोडा. तोंडानं ओढू नका. टँकरच्या दिवसांत घमेलंभर पाणी पुरे, फक्त डोकं बुडलं पाहिजे.