वर वाळू, खाली चिकणमाती: पावसाळ्याआधी जमिनीचा तळ बघून घ्या

पाऊस उघडून दोन दिवस झालेत. रानात पाऊल टाकलं तर वरची माती कोरडी, पायाखाली भुरभुरते. चिखल नाही, डबकं नाही. तरी पीक पिवळं पडतंय, वाढ खुंटलीय. नत्र कमी पडलं म्हणून युरियाचा हात फिरवला जातो, आणि आठवड्यानं बघावं तर पिवळेपणा तसाच. मग कुणीतरी कुदळीनं हातभर खड्डा खणतं आणि बघता बघता त्याच्या तळाशी पाणी जमायला लागतं.

वर रेताड माती आणि खाली चिकणमातीचा घट्ट थर असलेल्या जमिनीत हे नेहमीचंच. भोक नसलेल्या कुंडीत रेती भरून पाणी ओतल्यासारखं समजा. पाणी क्षणात आत शिरतं, त्यामुळे निचरा छान आहे असं वाटतं. पण ते फक्त नजरेआड झालेलं असतं. रेतीतून पाणी तासाला कित्येक सेंटीमीटर खाली जातं, आणि घट्ट चिकणमातीत पोचलं की दिवसाला काही मिलिमीटरवर येतं. मधल्या मधे ते अडकतं आणि चिकणमातीच्या डोक्यावर तरंगता पाणथर तयार होतो. विहिरीला पाणी कितीही खोल असलं तरी हा थर पिकाच्या मुळांपाशीच असतो.

थोडा हिशेब करू. आधीच ओल धरलेल्या रेताड मातीत पाणी साठायला जी मोठी छिद्रं रिकामी उरतात, ती ढोबळमानानं मातीच्या एक पंचमांश. म्हणजे निचरा न झालेला 10 मिलिमीटर पाऊस पाण्याची पातळी सुमारे 5 सेंटीमीटर वर चढवतो. चिकणमाती 40 सेंटीमीटरवर लागत असेल तर 80 मिलिमीटर पावसात सगळी रेती काठोकाठ भरते. 25 सेंटीमीटरवर असेल तर 50 मिलिमीटर पुरतो. शिवाय बारीक रेती केशाकर्षणानं पाणी आणखी वीतभर वर ओढते, त्यामुळे खड्ड्यात पातळी 30 सेंटीमीटरवर दिसत असली तरी मुळांना हवा मिळते ती वरच्या चार-सहा बोटांतच. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मातीत उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात, आणि मग मुळांची टोकं काळी पडून मरायला लागतात.

या जमिनीची खरी मेख पाऊस संपल्यावर कळते. जी मुळं खाली जायची ती पाण्यानं मेलेली, उरली ती वरच्या रेतीत. रेती ओल धरते फार कमी, पिकाला घेता येईल असं पाणी मीटरभर खोलीत जेमतेम 60 ते 80 मिलिमीटर. मुळं वीतभरच असतील तर त्यातला पंचमांश हिस्सा, म्हणजे तीन-चार दिवसांची बेगमी. म्हणून ज्या रानात पंधरवड्यापूर्वी पीक पाण्यानं गुदमरत होतं, तिथंच ते दुपारी माना टाकतं. ‘जमीन चिबड (पाणी साचून राहणारी) आहे’ आणि ‘जमीन ओल धरत नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच तुकड्याबद्दल कानावर येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर, बियाणं-खताची जुळवाजुळव करण्याआधी एक काम करा: तळ बघा. वरच्या बांधापाशी, मधे आणि सखल कोपऱ्यात, असे निदान तीन खड्डे चिकणमाती लागल्यावर आणखी वीतभर खोल खणा. वरून रान सपाट दिसलं तरी खालची चिकणमाती सपाट नसते. तिला खळगे असतात, उंचवटे असतात, आणि पाणी त्या आतल्या उताराप्रमाणे वागतं. प्रत्येक खड्ड्याची खोली कागदावर रानाचा आराखडा काढून लिहून ठेवा. चर कुठं काढायचा हे ठरवताना हा कागद कामी येईल.

खड्ड्याची भिंत सुरीनं खरवडून नीट बघा. वर काळसर-करडी पिकाची माती, तिच्याखाली बहुतेक वेळा राखेच्या रंगाची, धुऊन निघाल्यासारखी फिकट रेती, कधी तिच्या तळाशी वाटाण्याएवढे तांबूस-काळे खडे, आणि मग एकदम चिकणमाती. हा फिकट पट्टा म्हणजे वर्षानुवर्षं पाणी साचून तिथलं लोह विरघळून गेल्याची खूण. चिकणमातीत राखाडी भागावर गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले तर तिथं पाणी आणि हवा आळीपाळीनं येत-जात असतात. सगळाच भाग निळसर-राखाडी असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथं बराच काळ हवा पोचलेलीच नाही. हे रंग उन्हाळ्यातही टिकतात, म्हणून कोरड्या खड्ड्यातूनही पावसाळ्यातली स्थिती वाचता येते. माती परीक्षणासाठी वरच्या रेतीचा आणि खालच्या चिकणमातीचा नमुना वेगवेगळ्या पिशवीत द्या. दोन्ही एकत्र कालवून पाठवलेला नमुना कुठल्याच थराबद्दल खरं सांगत नाही.

चिकणमातीचा हरभऱ्याएवढा कोरडा खडा काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. काही तासांत खड्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं, तर त्या मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता मोठी. अशी माती ओली झाली की तिचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. तिथं जिप्सम या जमीन सुधारणाऱ्या खनिजाचा उपयोग होतो, पण मात्रा परीक्षणाच्या आकड्यावरूनच ठरवा. खडा नुसता फुटून तळाशी बसला आणि पाणी नितळ राहिलं, तर जिप्समवर पैसे घालवू नका.

आता चर. आधी बाहेरचं पाणी अडवा, आतलं नंतर. वरच्या अंगाच्या रानातून रेतीच्या पोटातून झिरपत येणारं पाणी चिकणमातीवरून घसरत खाली येतं आणि जिथं रेतीचा थर पातळ होतो तिथं उपळून वर निघतं. ती ओलसर पट्टी लक्षात ठेवा. तिच्या वरच्या बाजूला उताराला आडवा, किंचित ढाळ दिलेला चर काढायचा, आणि तो चिकणमातीत चार-सहा बोटं तरी शिरलाच पाहिजे. मी एकदा कंटाळा करून चर चिकणमातीच्या वीतभर वरच थांबवला होता. चर पावसाळाभर कोरडा ठणठणीत, आणि त्याच्या खालून पाणी निवांत पिकात जात होतं.

चर नेहमी तोंडापासून, म्हणजे पाणी जिथं सोडायचं त्या टोकाकडून वर खणत आणा. पाणी नैसर्गिक ओढ्यात किंवा नाल्यात जाईल हे आधी पक्कं करा. ते शेजाऱ्याच्या रानात सोडून भागत नाही. भिजलेली रेती उभी राहत नाही, म्हणून चराच्या बाजू पसरट ठेवा, 1 हात खोलीला दोन्हीकडे दीड-दोन हात उतरण. उभ्या कडांच्या खोल चरात माणूस उतरवू नका, रेती न सांगता कोसळते. पाइप गाडणार असाल तर तो चिकणमातीच्या माथ्यावर किंवा तिच्यात थोडा रुतवून बसवा आणि भोवती गाळणी द्या, नाहीतर बारीक रेतीनं तो लवकरच भरतो. अशा जमिनीत पाइपाच्या तोंडाशी तांबडा, बुळबुळीत साका धरतो. ते विरघळलेलं लोह हवा लागून जमलेलं असतं, आणि दरवर्षी ते धुऊन काढावं लागतं.

सबसॉयलर (जमीन खोलवर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) चालवून चिकणमाती फोडायची असेल तर ती कोरडी असतानाच. खालची चिमूटभर माती तळव्यावर वळून वात करा. 3 मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली तर माती अजून ओली आहे. फाळ तिला फोडण्याऐवजी लोण्यासारखी कापेल आणि भेगेच्या भिंती चोपून गुळगुळीत करेल. वात त्याआधीच तुटून भुगा झाली तर काम करा. मात्र पेल्यातल्या परीक्षेत पाणी गढूळ झालं असेल, तर जिप्समशिवाय केलेल्या भेगा पहिल्या मोठ्या पावसात मिटतात.

ज्यांना एवढं सगळं यंदा जमणार नाही, त्यांनी निदान गादीवाफ्यावर किंवा रुंद वरंब्यावर पेरावं. इथं 15–20 सेंटीमीटर उंची म्हणजे मुळांना तेवढाच जास्तीचा श्वास, आणि सऱ्यांचं तोंड मोकळं असलं तर वरचं पाणीही निघून जातं. पिकाची निवडही तळ बघून करा. भात चालेल, हिरवळीसाठी धैंचा चालेल. ताग साठलेलं पाणी सोसत नाही. तूर, तीळ, मिरची आणि रोपावस्थेतला मका अशा सखल जागी लावणं म्हणजे जुगार. भुईमुगाला रेती आवडते म्हणून मोह होतो, पण चिकणमाती उथळ असेल तर शेंगा कुजतात.

खतांचं थोडक्यात. रेती अन्नद्रव्यं धरून ठेवत नाही, त्यामुळे नत्र दोन-तीन हप्त्यांत द्या. पाणी साचलेलं असताना दिलेलं नत्र दोन वाटांनी जातं: काही पाण्याबरोबर वाहून, काही जिवाणूंच्या तावडीत सापडून वायुरूपानं हवेत. पीक पिवळं दिसलं तरी पाणी उतरेपर्यंत थांबा. नवी पांढरी मुळं दिसू लागली की हप्ता द्या, आणि घाई असेल तर 1 ते 2 टक्के युरियाची फवारणी करा. रेती लवकर आम्ल होते, पण तिला चुनाही कमीच लागतो, म्हणून इतर जमिनीचा अंदाज इथं लावू नका. शेणखत दरवर्षी थोडं थोडं घाला. एकदाच ढीग टाकला तर उबेनं आणि हवेनं ते लवकर कुजून संपतं.

वाफसा, म्हणजे रानात काम करण्याजोगी ओल, वरून ठरवू नका. वरची चार बोटं कोरडी झाली म्हणून ट्रॅक्टर आत घातला तर चाकं रेती कापत खालच्या पाण्यापर्यंत जातात आणि मग दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. त्यासाठी साधी सोय करून ठेवा. पाऊणएक मीटर लांबीचा, दोन इंची पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, त्यावर कापड गुंडाळा आणि सखल जागी चिकणमातीला टेकेल असा उभा पुरा. वरच्या तोंडाला झाकण लावा. पाऊस झाला की रोज सकाळी काठी घालून पातळी बघा आणि वहीत टिपा. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून 30 सेंटीमीटरच्या आत तीन दिवसांहून जास्त राहत असेल, तर चराचं काम त्याच ठिकाणी आधी हवं. पावसात खंड पडला की हीच काठी पाणी कधी द्यायचं तेही सांगते: पाइप कोरडा आणि वरची वीतभर माती कोरडी, तर पाणी द्या, पण थोडं आणि वारंवार. एका दमात भरपूर दिलेलं पाणी पुन्हा त्याच कुंडीत जाऊन बसतं.

फळझाडं लावणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ठरलेल्या मापाचा खोल खड्डा घ्यायची सवय इथं अंगाशी येते. चिकणमातीत खणलेला आणि भुसभुशीत मातीनं भरलेला खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूच्या रेतीतलं पाणी आपसूक त्यात उतरतं आणि रोपाची मुळं त्यातच बुडून राहतात. पपई तर अशा साठलेल्या पाण्यात दोन-तीन दिवसांत हातची जाते. चिकणमाती जिथं लागते तिथं खड्डा थांबवा, वरची माती ओढून पसरट उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. खड्डे आधीच खणून झाले असतील, तर रोपं आणण्यापूर्वी एकात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. पाणी तिथंच असेल, तर खड्डे बुजवून उंचवटे करायला अजून वेळ आहे.