जुन्या वर्तमानपत्रांवर प्रबंध लिहायचाय?

‘एकोणिसाव्या शतकातली मराठी वृत्तपत्रे’ असला विषय घेऊन गाईडकडे जाऊ नका, आयुष्य पुरणार नाही. एखादा वाद पकडा. मी एमएला संमतिवयाचं बिल घेतलं होतं. ९ जानेवारी १८९१ ला ते कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात मांडलं गेलं आणि १९ मार्चला मंजूर झालं. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. अडीच महिन्यांचे अंक, म्हणजे आवाक्यातलं काम.

वादाचा फायदा असा की दोन्ही बाजू छापलेल्या सापडतात. टिळकांचा ‘केसरी’ बिलाच्या विरोधात, आगरकरांचा ‘सुधारक’ बिलाच्या बाजूने. दोन्ही पत्रं पुण्याचीच, आणि गंमत म्हणजे ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकरच!

पण अग्रलेख वाचून उठू नका. ही खोड आपल्याकडे फार आहे. गाजलेले अग्रलेख पुस्तकांतही मिळतात, त्यासाठी फाईल कशाला काढायची? खरा माल आतल्या पानांवर असतो: वाचकांची पत्रं, स्फुटं (छोटी संपादकीय टिपणं), सभांचे वृत्तांत, जाहिराती. एकाच सभेचा वृत्तांत दोन्ही पत्रांतून काढून शेजारी ठेवा. गर्दी केवढी सांगितली, कोणाचं भाषण सविस्तर दिलं, कोणाचं एका ओळीत उरकलं? सभेत काय झालं हे यातून कळेलच असं नाही, संपादकाला कोणाला काय पटवायचं होतं ते मात्र लख्ख दिसतं.

इंग्रज सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा नियमित काढून घेई. हे ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स’ मुंबईच्या पुराभिलेखागारात बघता येतात. कुठल्या आठवड्यात कोण काय बोललं याची सूची म्हणून ते फार उपयोगी पडतात. मात्र त्यातलं वाक्य ‘केसरी म्हणतो’ म्हणून उद्धृत करू नका. सरकारला काय कळायला हवं, ते अनुवादकाने निवडलेलं असतं.

अंकावर नुसता शक असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. संमतिवयाचे सगळे अंक शके १८१२ चेच आहेत.

‘केसरी’साठी केसरीवाडा गाठा. मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर घरबसल्याही बरंच सापडतं. ऑनलाइन शोधताना ‘नाहीं’, ‘कीं’ असं जुनं लेखनही टाकून बघा. कागद दुमडला की तुटतो, म्हणून पान वरच्या कोपऱ्यातून अलगद उलटा. फोटोची परवानगी मिळाली तर प्रत्येक अंकाचा पहिला फोटो शीर्षक आणि तारखेचा घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या अंकाचं ते कळत नाही.

जो अंक कुठेच मिळाला नाही, त्याचीही तारीख प्रबंधात द्या. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमका त्याच अंकाबद्दल विचारतात.