‘टू’नंतर मीट की मीटिंग?

मेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिताय? तिथे ‘मीटिंग यू’ हवं. ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठोकायची आपल्याला सवय असते. ते ठोकण्याआधी ‘टू’पुढे ‘दॅट’ घालून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दॅट’ चालतं, म्हणजे पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावायचं. ‘वाँट टू दॅट’ चालत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’.

खरी गंमत ‘युज्ड टू’ची. ‘आय युज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी गाडी चालवायचो. ‘आय ॲम युज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे चालवायची सवय आहे. एका ‘ॲम’ने अर्थच फिरतो!

आणि हो, ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. ते आपल्या ‘विषयी चर्चा करणे’मधल्या ‘विषयी’चं भूत आहे.