इंद्रजालचा गठ्ठा: आवड बदलत जाते तसा संग्रह कसा सांभाळावा

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या (मूळ इंग्रजीतला ‘फँटम’) वेडापायी रद्दीच्या दुकानातून गठ्ठा उचलणारा माणूस दहा वर्षांनी त्याच गठ्ठ्यातला एखादा अंक भिंगाखाली धरून शाईचे ठिपके बघत बसतो. मधल्या काळात त्याची आवड तीन-चार वळणं घेते: आधी नायक, मग क्रमांक, मग चित्रकार, मग अंकाची अवस्था आणि शेवटी घरातली जागा. ही वळणं अडवायचं काही कारण नाही. मात्र पहिल्या टप्प्यावर हौसेने केलेलं काम तिसऱ्या टप्प्यावर निस्तरता आलं पाहिजे. बाइंडिंग, लॅमिनेशन आणि सेलोटेप ही तीन कामं निस्तरता येत नाहीत, म्हणून ती करूच नका.

गठ्ठा घेताना

या टप्प्यावर वाचायला मिळणं महत्त्वाचं, त्यामुळे फाटका अंकही चालतो. तरी पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. मधलं जोडपान जागेवर आहे का? दोन्ही पिनांवरचा ताण त्याच पानावर येतो, त्यामुळे ते सगळ्यात आधी सुटतं आणि हरवतं. दुसरं, कूपन किंवा शब्दकोडं कापून नेलेलं नाही ना? कापलेल्या चौकटीबरोबर मागच्या पानावरचं चित्रही जातं. तिसरं, बोट घालून एकेक पान मोजा. नुसतं फरफर चाळल्यावर गेलेलं पान लक्षात येत नाही.

वाचनालयातून निघालेले बांधीव खंड स्वस्त मिळतात. दहा-बारा अंक एकत्र घेऊन कडेने शिवलेले, वर जाड पुठ्ठा. शिवण आतल्या बाजूने येत असल्यामुळे पानाच्या मध्याकडची चित्रं घडीत दबतात आणि बांधणाऱ्याने तीन बाजूंनी कडा छाटलेल्या असतात. छाटणीत कधी मुखपृष्ठावरचा क्रमांक जातो, कधी किंमत. वाचायला उत्तम, पण पुढे क्रमांक जमवायची वेळ आली की हा खंड हिशेबात धरता येत नाही. तसाच ठेवा, उसवायला जाऊ नका. शिवणीची भोकं राहतातच आणि जुना कागद भोकांच्या रेषेवर फाटतो.

क्रमांकांचा नाद

हा टप्पा सगळ्यात खर्चिक. ‘मधले पाचच राहिलेत’ म्हणत माणूस न आवडणाऱ्या कथांवरही पैसे घालवतो. यादी नीट असेल तर निदान तोच अंक दोनदा घेतला जात नाही.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सुमारे ८०० अंक निघाले. क्रमांक ४४३ पर्यंत सरळ गेले आणि तिथून खंड-अंक पद्धत आली: खंड २०, अंक १ असं. यादीत एकच रकाना ठेवला तर ‘अंक १२’ म्हणजे सुरुवातीचा की एखाद्या नंतरच्या खंडातला हे कळत नाही. अमर चित्र कथेचीही अशीच गंमत. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत ‘कृष्ण’चा मूळ क्रमांक ११, तर नंतरच्या आवृत्त्यांवर ५०१. दोन्ही वेगळे अंक समजून घेणारे कमी नाहीत.

म्हणून रकाने असे करा: मालिका, भाषा, छापलेला क्रमांक जसाच्या तसा, खंड, वर्ष, छापील किंमत, कथेचं नाव, नायक, अवस्था, घेतल्याची किंमत. भाषेचा रकाना वगळू नका. इंग्रजी यादीवरून मराठी अंकाचा क्रमांक किंवा भाव ठरवला की फसगत होते. यादी फोनमध्ये ठेवा, कारण ती मुंबईत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळताना लागते.

अमर चित्र कथेचा अंक जुना की पुनर्मुद्रण, हे क्रमांक आणि छापील किंमत एकत्र बघून ठरवा. अगदी सुरुवातीचे अंक पूर्ण रंगीत नव्हते. खर्च वाचवायला आतली चित्रं पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या रंगांत भागवलेली होती. असा अंक ‘रंग उडालेला’ म्हणून बाजूला टाकू नका.

नायकाकडून हाताकडे

एका वयानंतर वेताळ कोणाशी लढतो यापेक्षा तो कोणी काढलाय हे दिसू लागतं. वेताळ आणि जादूगार मँड्रेक दोन्ही ली फॉक यांच्या लेखणीतले, पण वेताळाची चित्रं विल्सन मॅकॉय यांच्याकडून साय बॅरी यांच्याकडे आली तेव्हा अंगकाठीपासून सावल्यांपर्यंत सगळं बदललं. अमर चित्र कथेतला राम वाईरकर यांचा ‘कृष्ण’ आणि प्रताप मुळीक यांची चित्रं शेजारी ठेवून बघा. नजर तयार करायचा सोपा उपाय: एकाच पात्राचे वेगवेगळ्या चित्रकारांचे चार अंक घ्या आणि फक्त हात, घोडे आणि कपड्यांच्या चुण्या तपासा. चेहरा नक्कल करता येतो, हात लपत नाहीत.

याच टप्प्यावर इंद्रजालचा एक दोष खुपू लागतो. मूळ कथा वर्तमानपत्रात क्रमशः येणाऱ्या चित्रपट्ट्या होत्या. पानांत बसवण्यासाठी चौकटी कापल्या, गाळल्या. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून वेताळाच्या देशाचं नाव ‘बेंगाली’चं डेंकाली झालं, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. अखंड पट्ट्यांचे संग्रह घ्यावेसे वाटतात ते इथे. जरूर घ्या, पण त्या भरात इंद्रजाल विकू नका. मुखपृष्ठं आणि मराठी संवाद त्या संग्रहात मिळत नाहीत.

अवस्था, आणि पावसाळा

आता माणूस नायक विसरून कणा, कोपरे आणि पिना बघतो. भाव वाढतो तशी नकली मुखपृष्ठंही येतात. दहापट भिंग वापरा. छापखान्याच्या छपाईत ठिपके ठरावीक ओळींत, फुलासारख्या रचनेत दिसतात; घरच्या इंकजेटवर काढलेल्या पानावर बारीक तुषार विखुरलेले असतात. मुखपृष्ठ कडक आणि आतली पानं तांबूस, असं असेल तर संशय घ्यायलाच हवा.

या अंकांच्या स्वस्त कागदात लाकडातला लिग्निन हा घटक राहतो; उजेड आणि हवेमुळे तो पिवळा पडतो आणि आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. हे थांबत नाही, फक्त मंदावतं. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, अंकापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद. रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पिशवी नको. ती शाईला चिकटते. पाठीला आम्लरहित पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा करडा पुठ्ठा लावलात तर त्याचंच आम्ल अंकात उतरतं. अंक उभे ठेवा, वर बोट शिरेल इतपत सैल. फार सैल ठेवले तर कणे वाकतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे ओढा आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा सोडा.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये खरा शत्रू ओल. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर राहिलं की बुरशी धरते. सिलिका जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या अंकाला टेकवू नका. कसर दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर जमतं.

गंजलेली पिन काढायची तर अंक मधोमध उघडा, बोथट पातळ सुरीने टोकं सरळ करा आणि पिन बाहेरून सावकाश ओढा. त्याच भोकांत स्टेनलेस पिन बसवा. अंक किमती असेल तर मात्र गंज पसरत नसल्यास हात लावू नका, आणि बदल केलाच तर विकताना सांगा. जुना सेलोटेप सोलू नका. त्याबरोबर शाई येते.

कपाट भरल्यावर

आधी दुबार अंक काढा, त्यातही चांगली प्रत कोणती हे दिवसाच्या उजेडात ठरवून. मग आवड उरली नाही असे अंक एका खोक्यात भरा, वर तारीख लिहा आणि एक वर्ष थांबा. वर्षभरात हात लागला नाही ते विका. घाईत विकलेला मराठी अंक परत मिळवायला दुप्पट पैसे मोजणारे पुष्कळ आहेत.

भाव ठरवताना लोक मागतात ती किंमत बघू नका, विकला गेला ती बघा. मुखपृष्ठ, मागचं पान, मधलं जोडपान आणि प्रत्येक दोष असे वेगळे फोटो द्या. कुरियरसाठी अंक पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये. पुठ्ठे एकमेकांना चिकटवा, टेप अंकाच्या पिशवीला लागू देऊ नका. दोन पुठ्ठ्यांच्या पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवल्या की पार्सल कुठूनच दुमडत नाही. वरून प्लास्टिक, जून ते सप्टेंबरमध्ये दुहेरी.