दोन डी. डी. कोसंबी: एकाच आडनावाच्या अभ्यासकांची ग्रंथसूची करताना

नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपल्याकडची रीत ग्रंथसूची करणाऱ्याला चांगलीच अडचणीत आणते. धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती, नाण्यांचे अभ्यासक आणि इतिहासकार. रोमन लिपीत आद्याक्षरे केली की बाप आणि लेक दोघेही डी. डी. कोसंबी. तिसऱ्या पिढीत मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतंत्र लेखन तर केलेच, शिवाय आजोबांच्या लेखनाचे इंग्रजी अनुवाद आणि संपादनही केले. त्यामुळे काही नोंदींत लेखक कोसंबी आणि संपादकही कोसंबी. हे घराणे नीट लावता आले की कुलकर्णी, जोशी, देशपांडे अशी कोणतीही आडनावे लावता येतात.

आधी माणसे, मग पुस्तके

पुस्तकांची यादी करायला घेण्याआधी माणसांचा तक्ता करा. प्रत्येकासाठी एक ओळ आणि सात रकाने: पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, देवनागरी आद्याक्षरे, रोमन आद्याक्षरे, नोकरीची ठिकाणे वर्षांसह, आणि नावाची छापून आलेली इतर सगळी रूपे.

देवनागरी आद्याक्षरांचा रकाना कधीच गाळू नका. वडील 'ध. दा.', मुलगा 'दा. ध.'. मराठीत हा फरक ढळढळीत दिसतो, रोमनमध्ये तो पुसला जातो. म्हणून मराठी आवृत्ती, मराठी जाहिरात किंवा मराठी परीक्षण हाताशी असेल तर इंग्रजी नोंदीच्या आधी ते पाहावे.

स्त्री अभ्यासकांसाठी माहेरच्या नावाचा आठवा रकाना जोडा. इरावती कर्वे माहेरच्या करमरकर. लग्नाआधीचे कागद करमरकर नावाखालीच शोधावे लागतात.

पुरावा कोणत्या क्रमाने तोलायचा

प्रत्येक पुस्तकाचे किंवा लेखाचे चार फोटो घ्या: मुखपृष्ठाच्या आतले शीर्षकपान, त्याची मागची बाजू, प्रस्तावनेचे शेवटचे पान (सही, गाव, तारीख) आणि लेखकाने स्वतःच्या आधीच्या लेखनाचा उल्लेख केला असेल ते पान. मग पुढच्या क्रमाने तपासा.

१. शीर्षकपानावर किंवा प्रस्तावनेखाली पूर्ण नाव आहे का?
२. लेखक 'माझा आधीचा लेख' म्हणून कशाकडे बोट दाखवतो? तो लेख कोणाचा हे पक्के असेल तर हाही त्याचाच. घराण्याच्या सूचीत सर्वांत जास्त गुंते याच साखळीने सुटतात.
३. प्रस्तावनेतले गाव आणि तारीख त्या काळातल्या नोकरीशी जुळते का?
४. विषय. हा सर्वांत शेवटी, आणि तोही फक्त शंका घ्यायला. निकाल द्यायला नाही.

विषय शेवटी का, ते हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये लख्ख दिसते. तिचा ४१वा खंड 'विसुद्धिमग्ग' (१९५०). संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांचे, ते तपासून दिले धर्मानंद कोसंबींनी. लगेच पुढचा ४२वा खंड 'सुभाषितरत्नकोश' (१९५७), संपादक डी. डी. कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले. एकच मालिका, लागोपाठचे खंड, दोन्ही जुन्या ग्रंथांची संपादने, एक पाली आणि एक संस्कृत. विषय पाहून नोंद करणारा दोन्ही पंडित वडिलांच्या नावावर घालतो, पण दुसरे काम गणिती मुलाचे आहे. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्तीही मुलाचीच. मुलाची झेप भूमिती, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, नाणी, संस्कृत आणि इतिहास इतक्या ठिकाणी पोचली आहे की 'हा त्याचा विषय नव्हे' असे म्हणायला जागाच उरत नाही.

मृत्यूच्या सालावरही आंधळा भरवसा नको. 'विसुद्धिमग्ग' १९५०चा आणि धर्मानंद गेले १९४७ला. नुसते साल पाहून 'म्हणजे हे मुलाचेच' असा निष्कर्ष काढला की चूक पक्की. साल एकाच बाजूने उपयोगी पडते: लेखक दहा वर्षांचा असताना छापलेला ग्रंथ त्याचा नसतो.

संस्थेचेही तेच. दोघांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवले. वडिलांनी १९१२पासून काही वर्षे पाली, मुलाने १९४५पर्यंत गणित. हार्वर्डशीही दोघांचा संबंध: वडील तिथे 'विसुद्धिमग्गा'च्या कामासाठी गेले, मुलगा १९२९ला तिथला पदवीधर झाला. तेव्हा संस्थेच्या नावापुढे वर्षे लिहिलेली नसतील तर तो पुरावा धरू नये.

शोध घेताना

संपूर्ण मजकुरात 'कोसंबी' असा शोध टाकलात तर पीकसुधारणेच्या लेखांचा पूर लोटतो. कारण १९४४मध्ये दामोदर कोसंबींनी गुणसूत्रावरची अंतरे मोजण्याचे जे सूत्र दिले ते 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' म्हणून आजही वापरात आहे. ते लेख त्यांनी लिहिलेले नाहीत, त्यांत फक्त नाव आहे. म्हणून प्रगत शोधात जाऊन नाव लेखकाच्याच रकान्यात टाका.

देवनागरीत कोसंबी, कोसम्बी आणि कौसंबी ही तिन्ही रूपे वेगवेगळी शोधा. अनुस्वार आणि म् संगणकाला सारखे वाटत नाहीत. ज्या आडनावात ऱ्ह आहे तिथे जास्त सांभाळा. गोऱ्हे हे नाव दोन वेगळ्या युनिकोड पद्धतींनी टंकलेले सापडते, डोळ्यांना एकच दिसते आणि शोधात एकच रूप हाती लागते. छापील पानावरून एकदा टंकून आणि जुन्या यादीतून एकदा चिकटवून, असे दोन्ही प्रकारे शोधून पाहा.

टोपणनावे राहू देऊ नका. दामोदर कोसंबींचे १९६०च्या दशकातले काही गणिती लेख एस. डुक्रे या नावाने आहेत. आडनावावरून ते कधीच सापडणार नाहीत. 'इतर रूपे' या रकान्यात ते असले तरच सूची पुरी होते.

नोंद कशी लिहायची

मार्क पद्धतीत (ग्रंथालयांची संगणकीय नोंदपद्धत, तिच्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचे क्षेत्र असते) १०० क्रमांकाच्या क्षेत्रात नाव. त्यातच 'क्यू' उपक्षेत्रात आद्याक्षरांची पूर्ण रूपे आणि 'डी' उपक्षेत्रात वर्षे: कोसंबी, डी. डी. (दामोदर धर्मानंद), १९०७–१९६६. कंसातली पूर्ण रूपे आणि वर्षे, दोन्ही भरा. नुसती आद्याक्षरे ठेवली तर पुढचा कोणीतरी दोन्ही नोंदी एक करून टाकतो. अधिकृत नावाच्या नोंदीत (एका माणसाचे सूचीत वापरायचे एकच रूप ठरवणारी वेगळी नोंद) इतर रूपे ४०० क्रमांकाच्या क्षेत्रात जातात आणि ज्या पानावरून ठरवले ते पान ६७०मध्ये. ६७० रिकामे ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी आळशी सवय आहे: दहा वर्षांनी वाद निघाला की सगळे काम पहिल्यापासून.

लेखक, संपादक, अनुवादक ही भूमिका प्रत्येक नावापुढे लिहा. धर्मानंदांच्या 'निवेदन'च्या इंग्रजी आवृत्तीत मीराताईंचे नाव अनुवादक म्हणून आहे. भूमिका गाळली की आजोबांचे आत्मचरित्र नातीचे होऊन बसते.

हयात लेखकांचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या. तो सोळा अंकी असतो, शेवटी अंकाऐवजी एक्स हे अक्षर येऊ शकते. ती टंकनचूक समजून खोडू नका. दिवंगतांसाठी व्हीआयएएफ किंवा आयएसएनआय या नावांच्या आंतरराष्ट्रीय ओळख-सूची पाहा, मात्र तिथेही बापलेकांची सरमिसळ झालेली असू शकते, म्हणून आतली शीर्षके वाचल्याशिवाय क्रमांक उचलू नये.

सरावासाठी कर्वे

धोंडो केशव आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो, दोघेही गणिताचे प्राध्यापक. रघुनाथरावांनी १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यांचे भाऊ दिनकर धोंडो रसायनशास्त्राचे, पण १९६३चे 'द न्यू ब्राह्मन्स' हे सामाजिक इतिहासाचे पुस्तक त्यांचे. इरावतीबाई दिनकररावांच्या पत्नी. ग्राम व लघुउद्योगांवरची १९५५ची कर्वे समिती मात्र अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांची. रोमनमध्ये डी. के., डी. डी. आणि डी. जी. एकाखाली एक येतात आणि मधले अक्षर गळाले की तिघे एकच होतात. समितीचा अहवाल समितीच्याच नावावर नोंदवा, अध्यक्षांची जोडनोंद वेगळी द्या.

पुरावा अपुरा असलेल्या नोंदी 'कर्वे, डी. (अनिश्चित)' अशा वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. जास्त शक्यता कोणाची यावरून त्या वाटून टाकू नका, कारण चुकीची नोंद दुसऱ्या सूचीत उतरली की तीच पुढे पुरावा म्हणून परत येते. वेगळ्या व्यक्ती म्हणून पक्क्या झालेल्या जोड्यांना विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीची खुली माहितीसूची) 'याहून वेगळे' हा गुणधर्म (पी १८८९) दोन्ही बाजूंनी लावा, म्हणजे नोंदी एकत्र करणाऱ्याला आधी सूचना मिळते.